आठवड्याचा पगार आणि शेवटचे ताट

महागाई वाढली आहे हे आम्हांला कुणी सांगायला नको. तेलाची पिशवी हातात घेतली की ते कळते. आठवड्याचा पगार येतो, त्यातून भाडे, लाइटबिल, गटाचा हप्ता आणि मुलांच्या शाळेचे काहीबाही बाजूला निघते. उरते त्याला आम्ही ‘पोटाचे पैसे’ म्हणतो. या पोटाच्या पैशात घरातली पाच-सहा माणसे धडधाकट कशी ठेवायची, एवढ्याच प्रश्नावर हे चार शब्द लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे सोलापुरातल्या एका वस्तीतल्या दहा-बारा बायका. कुणी शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात काज-बटण करते, कुणी यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरते, कुणी चार घरची धुणीभांडी करते. एकीचा नवरा हमाल आहे, एकीचा रिक्षावाला. आमच्यापैकी दोघींचे सासरे गिरणीत होते. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर घर कसे चालते ते त्यांनी पाहिले आहे. आम्ही कुणी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बचत गटाच्या निमित्ताने महिन्यातून एकदा विहारात बसतो, तेव्हा पैशाबरोबर चुलीच्या गोष्टीही निघतात. त्या गोष्टींतून जे हाती लागले ते आपल्या घराघरांत पोचावे असे वाटले.

रक्ताचा कागद

जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीत रक्त तपासणीचे शिबिर झाले. बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन पाहिले. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर असावे, गरोदर बाईचे निदान ११ असावे, असे तिथल्या ताईंनी सांगितले. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणींचा आकडा १२ च्या खाली आला. ज्या दिवसभर उभ्या राहून काम करतात, ज्यांना कुणी कधी आजारी म्हटले नाही, त्याही त्यात होत्या. चढ चढताना दम लागणे, संध्याकाळी पाय ओढत घरी येणे, डोके गरगरणे हे सगळे ‘कामाचा शीण’ या एका नावाखाली चालले होते. त्याला दुसरे नाव आहे, ते पंडुरोग किंवा रक्तक्षय.

ही काही आमच्या एका वस्तीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंब आरोग्य पाहणी केली. तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तर हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे आपल्या गल्लीत दहा लेकरे खेळत असतील, तर त्यांतली सहा-सात लेकरे कमी रक्तावर धावत आहेत.

नंतर आमच्यातली एक दवाखान्यात गेली, तेव्हा तिला आहाराचा छापील कागद मिळाला. त्यावर लिहिले होते: सफरचंद, डाळिंब, खजूर, बदाम, दूध. तिने तो कागद बैठकीत आणला आणि म्हणाली, “हे खाल्लं तर रक्त वाढंल, पण भाडं कोण भरंल?” सगळ्या हसल्या. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाच्या बागाच बागा आहेत, देशाचे डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. पण बागेत तोडणीला जाणारी बाई डाळिंब विकत घेऊन खातेच असे नाही. त्या हसण्यातूनच पुढची गोष्ट सुरू झाली. कागदावरची फळे बाजूला ठेवू, आपल्या खिशात बसेल असे रक्त वाढवणारे अन्न कोणते ते पाहू, असे ठरले.

वहीतला हिशेब

आम्ही एक आठवडा वही ठेवली. ज्या घरात जे आले ते लिहायचे, मग तो चहाचा पुडा असो की विड्याचे पान. कुणाला बोल लावायचा नव्हता, पैसा कुठून कुठे जातो तेवढेच पाहायचे होते.

सगळ्यांच्या वहीत एक ओळ सारखी निघाली. ती म्हणजे पाच रुपयांची पुडी. वेफर, कुरकुरे, क्रीमचे बिस्किट. सकाळी शाळेत जाताना एक, संध्याकाळी एक. घरात तीन मुले असली तर दिवसाचे तीस रुपये, आठवड्याचे दोनशे दहा. पाच रुपये हातावर ठेवताना काही वाटत नाही, आणि दिवसभर कामावर असलेल्या आईला तेवढाच मुलाचा लाड करता येतो, हेही खरे. पण त्या पुडीत असते काय? मैदा किंवा बटाटा, तेल, मीठ, साखर. पोट तात्पुरते भरते, जेवणाच्या वेळी भूक मरते, आणि अंगाला काही लागत नाही.

आता त्याच दोनशे दहा रुपयांत काय येते ते पाहा. आमच्याकडच्या सध्याच्या भावाने एक डझन अंडी, अर्धा किलो शेंगदाणे आणि पालेभाजीच्या पाच जुड्या. भाव वर-खाली होतात, एखादी जुडी कमी येईल, पण हिशेब फारसा चुकत नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने म्हणजे अंगाचे मांस-स्नायू बांधणारा भाग. शेंगदाण्याचा तर जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिनेच. मुलाच्या हातात पुडीऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवला, तर त्याला चावायला वेळ लागतो आणि भूकही भागते. मात्र अगदी लहान लेकराला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्याला कूट करून द्यावे.

वहीत दुसरी ओळ पुरुषांची होती. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते ते सगळ्यांना ठाऊक असते. दारूचे तर बोलायलाच नको. पंचशील म्हणताना पाचवे शील आपण सगळे मोठ्याने म्हणतो. ते पाळले तर धम्म पाळला जाईलच, शिवाय घरात डाळ येईल. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याने वही पाहून स्वतःच विचारले, “एवढे माझे जातात?” तिने काही उत्तर दिले नाही. आकडा समोर होता.

भाकरीची लाज कशाला?

रेशनचे धान्य २०२३ च्या जानेवारीपासून मोफत मिळते. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर घरटी पस्तीस किलो. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षे ते तसेच चालू ठेवण्याचे केंद्राने ठरवले आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला पंचवीस किलो धान्य मिळाले, तर निम्मा महिना निघतो. हा आपला हक्क आहे, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला. ज्यांचे कार्ड नाही किंवा मुलांची नावे चढलेली नाहीत, त्यांनी आधी ते काम करावे. आहाराची पहिली पायरी तीच आहे.

रेशनचा गहू काही वाईट नाही. निवडून, उन्हात घालून दळला आणि कोंडा न चाळता वापरला, तर त्यात लोह असते, चोथा असतो. अडचण होते ती नुसत्या पांढऱ्या भातावर दिवस काढला की. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसते. तेवढ्याच ज्वारीत सुमारे चार मिलिग्रॅम असते आणि बाजरीत सहाच्या वर. कामकरी वयाच्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. म्हणजे घरात सगळ्यांत जास्त लोह बाईला लागते, हे लक्षात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

राहिलेल्या निम्म्या महिन्यासाठी आम्ही ज्वारी घेतो. आपण ज्वारीच्या मुलखात राहतो. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात, तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सगळीकडे पेरला जाणारा मालदांडीचा वाणही आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला. ज्वारीची भाकरी पोटात सावकाश पचते, म्हणून दुपारपर्यंत भूक लागत नाही. तव्यावर भाजायला तेल लागत नाही. कडक भाकरी करून ठेवली तर चार दिवस टिकते. रात्रपाळीच्या माणसाला शेंगाचटणी आणि कांद्याबरोबर तिच्याएवढी सोयीची शिदोरी नाही.

मालदांडी आता स्वस्त राहिलेली नाही, हे आम्हांलाही माहीत आहे. त्यावर आम्ही उपाय केला. सुगीनंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात येते. तेव्हा गटाच्या पैशातून चौघी-पाचजणींनी मिळून पोते घ्यायचे आणि वाटून घ्यायचे. सुट्या किलोच्या भावापेक्षा ते स्वस्त पडते. ज्वारी कडक उन्हात वाळवून कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवली की कीड लागत नाही. दळण मात्र आठ दिवसांपुरतेच आणावे, कारण पीठ जुने झाले की भाकरी थापताना भेगा पडतात. रोज दोन्ही वेळा भाकरी परवडत नसेल तर एक वेळ भाकरी, एक वेळ चपाती. त्यात कमीपणा नाही.

कमीपणाचा विषय निघालाच आहे तर बोलू. आपल्या पोरांना डब्यात भाकरी न्यायची लाज वाटते. लग्नाच्या बोलणीत पाहुणे आले तर पोळी-भात होतो, भाकरी टोपल्यात झाकून ठेवली जाते. हुलगा, अंबाडी, घोळीची भाजी यांना ‘गरिबाचं खाणं’ म्हणून नाक मुरडले जाते. या लाजेचे मूळ आम्हांला कळते. आपल्या वाडवडिलांनी जे खाल्ले, त्यात पुष्कळसे दुसऱ्यांनी फेकलेले होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारोदारचे शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. लोकांनी ते ऐकले. खायला दुसरे काही नसतानाही सोडले. म्हणून आज आपली मान वर आहे.

पण सोडायचे होते ते मागून आणलेले अन्न. कष्टाच्या पैशाने घेतलेली ज्वारी आणि बांधावर खुडलेली भाजी सोडायला कुणी सांगितले नव्हते. आपल्या लोकांनी काय खाल्ले आणि का खाल्ले, हे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात २०१५ साली मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ज्यांना जमेल त्यांनी ते वाचावे. आमच्या वस्तीतल्या एका आज्जींना १९७२ चा दुष्काळ चांगला आठवतो. खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी मिळायची, रेशनला परदेशातली लाल मिलो यायची. त्या म्हणतात, “त्या मिलूची भाकर गळ्याखाली उतरत नव्हती. आज घरात पांढरी शुभ्र जवारी हाय, आन् तुमाला लाज वाटती व्हय?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

स्वस्त आणि जवळचे

रक्त वाढवायला आम्ही जे करतो, ते थोडक्यात सांगतो.

पहिला मान हुलग्याचा. हुलग्यात लोह भरपूर, आणि वजनाचा पाचवा हिस्सा प्रथिने. हिवाळ्यात हुलग्याचे माडगे, पावसाळ्यात शेंगोळ्या. मटकीही तशीच गुणाची. रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधायची, मोड आले की तिच्यातले लोह अंगाला जास्त लागते. डाळ महाग वाटते तेव्हा आम्ही तूर, मसूर, हरभरा आलटून पालटून आणतो. एकाच डाळीच्या मागे लागत नाही.

दुसरी गोष्ट पालेभाजी. बाजार संध्याकाळी उठताना गेले की जुडी निम्म्या भावात मिळते. लक्ष्मी मार्केटला जा, कस्तुरबा मंडईत जा, हा अनुभव सगळ्यांचाच असेल. तांदुळजा, चाकवत, अंबाडी, शेपू, हिवाळ्यात करडईची आणि हरभऱ्याची भाजी. शेवग्याचे झाड तर पुष्कळ वस्त्यांत असते. आपण शेंगा तेवढ्या खातो; पाला मात्र शेळीला जातो. त्या कोवळ्या पाल्याची डाळ घालून भाजी करावी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर तिचा गुण पाण्याबरोबर मोरीत जातो.

तिसरी गोष्ट लिंबू. डाळीतले, भाजीतले लोह एकटे आत शिरत नाही. त्याला आंबट सोबत लागते. जेवताना लिंबाची फोड पिळली, किंवा पेरू, आवळा, टोमॅटो यांतले काही खाल्ले, की तेच लोह अंगी जास्त लागते. पेरू हे आपले सफरचंद समजा. सफरचंदापेक्षा त्यात क जीवनसत्त्व कितीतरी अधिक असते आणि भाव कितीतरी कमी.

चौथी गोष्ट चहा. चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही, ते आम्हांलाच जमणार नाही. पण जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा लोह अडवून धरतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. पैसा लागत नाही, फक्त वेळ बदलावी लागते. आणि भाजी लोखंडी कढईत केली तर तिच्यातले थोडे लोह भाजीत उतरते. आईने दिलेली कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा.

मीठ मात्र बेताने. दिवसाला माणशी एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, पुरे. चटणी, लोणचे, पापड सगळे एका ताटात असले की ते कधीच ओलांडले जाते. आपल्या लोकांत रक्तदाबाचे आजार वाढले आहेत, म्हणून हे सांगावेसे वाटले.

मांसाहाराबद्दलही थोडे. मटण परवडत नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. कोंबडीवाल्याकडे कलेजी-पोटा मटणाच्या मानाने फार स्वस्त मिळतो, आणि कलेजीत लोह भरपूर. हे लोह डाळीच्या लोहापेक्षा लवकर अंगी लागते. गरोदर बाईने मात्र कलेजी डॉक्टरांना विचारूनच खावी, ती जास्त झालेली चालत नाही. उजनी धरणातली चिलापी आपल्या बाजारात येते, तीही परवडते. सुकट काट्यासकट खाल्ले जाते, म्हणून हाडांना चांगले. ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, मीठ उतरते.

अंड्याचे एक दुखणे आहे. राज्य सरकारने २०२३ साली शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले होते. जे खात नाहीत त्यांना केळे. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचे पैसे थांबवले गेले आणि अंडे द्यायचे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या शाळेत गरिबाचीच मुले शिकतात, तिथे वर्गणी कोण देणार? आपल्याच सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने मुलांसाठी वसतिगृह काढले होते, तिथे मुलांच्या जेवणाचीही सोय होती. शिकायचे तर पोटात अन्न हवे, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी सभेत हा विषय काढावा. आणि शाळेत मिळो न मिळो, घरात एकच अंडे असेल तर ते फक्त मुलाला नको, मुलीलाही अर्धे द्या.

शेवटचे ताट

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो.

आमच्या गल्लीतल्या एका घरची सून. वय बावीस. शिबिर झाले तेव्हा तिला चौथा महिना चालू होता. तिचे हिमोग्लोबिन ८.२ निघाले. घर काही अगदी फाटके नव्हते. सासरा निवृत्तिवेतनावर, नवरा कामावर, रोज डाळ-भाजी शिजणारे घर. मग तिलाच एवढे रक्त कमी कसे? आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेल्या आणि सहज विचारले, “काल रात्री काय जेवलीस ग?” ती म्हणाली, “भाकर आन् ठेचा.” “घरात काय केलं होतंस?” “मटकीची उसळ. पर ती संपली.”

उसळ संपली, कारण ती शेवटी बसली. आधी सासरा आणि नवरा, मग दीर, मग लेकरे, मग सासूबाई, आणि मग पातेल्यात जे राहील ते तिचे. बहुतेक दिवस पातेल्यात रस्सा राहायचा. घरात अन्न होते, ते तिच्यापर्यंत पोचत नव्हते.

सासूबाई वाईट बाई नाही. तिने सरळ सांगितले, “आमी बी असंच खाल्लं. आमी मेलो का?” तेव्हा आमच्याबरोबर आलेल्या आज्जी, ज्यांनी दुष्काळ काढला, त्या म्हणाल्या, “तू नाही मेलीस ग बाई. पर माझी थोरली जाऊ बाळंतपणात गेली. रक्त नव्हतं म्हणाले. ती बी शेवटीच जेवायची.” घरात कुणी बोलेना. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि उठून आत गेल्या.

आम्ही त्या घरात उपदेश केला नाही. एवढेच सुचवले, की ताटे सगळी एकदम वाढा. माणसे मागे-पुढे बसली तरी चालतील, पण भाकरी-कालवण आधीच सहा वाट्यांत वाटून ठेवा, आणि सुनेची वाटी झाकून बाजूला ठेवा. तिची वाटी कुणी उचलायची नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या अंगणवाडी ताई आणि आशाताईंकडेही मोफत मिळतात. त्या गोळ्या चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळे होते म्हणून घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. इथे एक स्पष्ट सांगायला हवे, की रक्त इतके कमी झाल्यावर नुसत्या हुलग्याने आणि पालेभाजीने भागत नाही. गोळ्या लागतात, डॉक्टर लागतो. अन्न त्याच्या जोडीला.

आठव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन १०.६ झाले. ११ काही झाले नाही. पण बाळंतपण सरकारी दवाखान्यात नीट झाले, रक्त चढवावे लागले नाही. मुलगी झाली. पाच दिवसांनी घरी आल्यावर सासूबाईंनी तिला अळिवाची खीर स्वतः करून दिली. तीही आधी, घरात सगळ्यांच्या आधी.

बाईला सगळ्यांत जास्त लोह का लागते, हे वर सांगायचे राहिले होते. दर महिन्याला तिच्या अंगातून रक्त जाते, बाळंतपणात जाते, दूध पाजताना अंग झिजते. ज्या माणसाला घरात सगळ्यांत जास्त हवे, त्याच माणसाच्या ताटात सगळ्यांत कमी पडते. ही वाटणी आपल्या घरांत कुठून आली? ज्या रूढी आपण दीक्षेबरोबर सोडल्या, त्यांच्यातलीच ही एक आहे, असे आमचे मत आहे. उंबऱ्याबाहेर समता मागायची आणि चुलीपाशी सुनेला रस्सा ठेवायचा, हे बरोबर दिसत नाही.

भगवान बुद्धांची आळवी गावची कथा पुष्कळांनी विहारात ऐकली असेल. एका गरीब शेतकऱ्याला धम्म ऐकायचा होता, पण त्या दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो दमून, उपाशी तसाच सभेत आला. बुद्ध त्याची वाट पाहत थांबले होते. त्यांनी उपदेश सुरू केला नाही. आधी उरलेले अन्न त्या शेतकऱ्याला वाढायला सांगितले, तो जेवला, आणि मगच ते बोलले. काही भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेल्या माणसाला उपदेश पचत नाही, हे बुद्धांनी त्यांना समजावले. सगळी सभा एका भुकेल्या माणसासाठी थांबली होती. आपल्या घरात निदान पातेले तरी एका माणसासाठी थांबावे.

आमच्या वस्तीत आता पाच-सहा घरांत आधी वाट्या भरून ठेवतात, मग पहिला घास खाल्ला जातो. एका घरात पुरुषच वाढतो; पहिले आठ दिवस त्याला हसले, आता कुणी हसत नाही. पगार कुणाचाही वाढलेला नाही. पुढच्या शिबिरात पुन्हा सगळ्यांची बोटे टोचून घ्यायची आणि आकडे वहीत लिहायचे, असे ठरले आहे. आपल्या वस्तीतही अशी वही सुरू करता येईल. दहा रुपयांची वही पुरते.

तोपर्यंत आज रात्री एवढेच करा. जेवण झाल्यावर पातेल्यात काय उरले, ते पाहू नका. जेवणाला बसण्याआधी घरात माणसे किती, ते मोजा, आणि तेवढ्या वाट्या मांडा.

जयभीम.